रात्री साडेदहाचं भडंग : वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचं एक प्रकरण

वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर, शस्त्रक्रियेच्या दिवशी वजन ११२ किलो. म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचं माप) ४६. आठ वर्षांचा मधुमेह, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.९, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. कोल्हापुरात दुर्बिणीतून जठर लहान करण्याची 'स्लीव्ह' शस्त्रक्रिया झाली. चौदा महिन्यांनी वजन ७४ किलो भरलं. मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक झाली, जिना चढताना कठडा धरावा लागेना. पुढच्या वर्षभरात मात्र काटा हळूहळू ८१ वर आला. शस्त्रक्रियेला सव्वादोन वर्षं होत आली असताना त्या सांगलीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. कुणी पाठवलं नव्हतं. बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, पोट कापून घेतलं, तरी तोंड काही थांबंना."

घरची मार्केट यार्डात हळदीची अडत. नवरा सौदे बघतो, या हिशोब बघतात : शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली, तोलाई, बँक. यार्डात सगळे त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून इथेही वहिनीच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरी नवरा, बारावीतला मुलगा आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकरवर असलेल्या सासूबाई. धाकटे दीर-जाऊ पुण्याला.

शस्त्रक्रिया कसली झाली, हे खरं फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना "पित्ताशयातले खडे काढले, आता डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय" असं सांगितलेलं. (झपाट्यानं वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका खरोखरच वाढतो. त्यासाठी बरेच सर्जन पहिले सहा महिने एक गोळी देतात. वहिनींना खडे झाले नाहीत, नुसतं खड्यांचं नाव झालं.) का लपवलं, या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयार होतं. "ऑपरेशन करून बारीक झाली म्हणतील." या म्हणण्यात एक हेटाळणी असते आणि ती शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येते. गुडघ्याची वाटी बदलून घेणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही. पोटाची शस्त्रक्रिया मात्र पळवाट समजली जाते. या लपवालपवीचा खाण्याशी किती जवळचा संबंध होता, ते पुढे येईलच.

शस्त्रक्रियेनं काय होतं आणि काय होत नाही

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते. जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, तोच भाग जातो. त्यामुळे पहिलं वर्ष-दीड वर्ष बऱ्याच जणांना भूक अशी लागतच नाही. अर्ध्या भाकरीत पोट भरतं. या काळात वजन उतरतं आणि माणसाला वाटतं, आपली खाण्याची खोडच गेली. खोड गेलेली नसते, ती गप्प बसलेली असते.

एक-दोन वर्षांनंतर थोडं वजन परत येणं, यात आभाळ कोसळण्यासारखं काही नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि पुढे कित्येक वर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासात हेच दिसलं : शस्त्रक्रिया झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली गेलं आणि मग सावकाश थोडं वर येऊन थांबलं. त्या अभ्यासात स्लीव्ह नव्हती, जुन्या पद्धती आणि बायपास (जठर लहान करून अन्न आतड्याच्या पुढच्या भागात वळवणारी शस्त्रक्रिया) होती, पण आलेखाचा आकार ओळखीचा आहे. म्हणून ७४ चे ७६ झाले असते तर मी वहिनींना धीर देऊन परत पाठवलं असतं. वर्षात सात किलो, आणि तेही रोज रात्री लपून खाऊन, हे वेगळं.

काय खाता, असं विचारल्यावर "भडंग" म्हणाल्या आणि हसल्या. सांगलीच्या माणसाला यात हसण्यासारखं काय ते कळेल. इथे पाहुणा आला की भडंग, परगावी जाताना पिशवीत भडंग, यार्डात चारच्या चहाला भडंग. चुरमुरे, तेल, तिखट, लसूण, शेंगदाणे. अडचण अशी की स्लीव्ह झालेल्या पोटाला हा पदार्थ अडतच नाही. पनीर, अंडं, घट्ट आमटी-भाकरी खाल्ली तर चार घासांत नळी भरते आणि छातीखाली दडपल्यासारखं होतं. ती खूण माणूस ओळखायला शिकतो. चुरमुरे ओले झाले की चिमूटभर होतात आणि सरकन खाली उतरतात. सोबत चहा असला की आणखी लवकर. म्हणूनच जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पाणी-चहा पिऊ नका, असं सांगतात. वहिनींना तेही पाठ होतं. पण भडंगाला त्या जेवण समजतच नव्हत्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि त्यांच्या घरच्या भडंगात शेंगदाणे सढळ. बकाण्यावर बकाणा भरत गेलं तरी पोट तक्रार करत नाही, कॅलरी मात्र जमा होत राहतात.

आधी शरीर

अशी तक्रार घेऊन कुणी आलं की लगेच "भावनिक खाणं" अशी चिठ्ठी चिकटवायची घाई होते. मला ती घाई पटत नाही. वहिनींनी पहिल्याच भेटीत सांगितलं की शेवटच्या रक्ततपासणीला वर्ष उलटून गेलंय. तपासण्या करायला फिजिशियनकडे पाठवलं. बी१२ कमी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी, ड जीवनसत्त्वही कमी. गोळ्या चालू होत्या, पण लोहाची आणि कॅल्शियमची एकदमच, तीही सकाळच्या चहाबरोबर. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला शोषू देत नाहीत. दोन गोळ्यांत किमान दोन तासांचं अंतर हवं, हे त्यांना कधीतरी सांगितलं गेलं असेल, पण लक्षात राहिलं नव्हतं. डिस्चार्जच्या दिवशी माणसाच्या हातात पाच-सहा कागद देतात. त्यातलं किती डोक्यात राहणार?

मग दिवसभराचं खाणं विचारलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. सगळ्यांचे डबे, सासूबाईंची आंघोळ, अकराला यार्ड. दुपारचं जेवण सौदे आटोपल्यावर, म्हणजे कधी दोनला, कधी साडेतीनला, कधी नाहीच. रात्री सगळ्यांचं झाल्यावर साडेनऊला दोन घास भात-आमटी. स्लीव्हनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. आहारतज्ज्ञांनी हिशोब केला तर पस्तीसच्या आसपास निघाली. म्हणजे रात्री साडेदहाला हात डब्याकडे जात होता, त्यातली काही भूक खरी होती. दिवसभर उपाशी राहिलेलं शरीर रात्री वसुली करतं. यात मनाचा दोष कमी आणि वेळापत्रकाचा जास्त.

आणखी एक गोष्ट निघाली. त्यांना रात्री "पोटात कालवल्यासारखं" व्हायचं, काहीतरी खाल्लं की बरं वाटायचं. स्लीव्हनंतर आम्लपित्ताचा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि ती जळजळ भुकेसारखीच वाटते. सर्जनना फोन केला, तपासणी झाली, औषध सुरू झालं, रात्रीचं जेवण आठला आणलं. दोन-तीन आठवड्यांत कालवणं बरंच कमी झालं.

जेवणाची घडी बसवण्यात महिना गेला. सकाळी दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर चक्का. यार्डात जाताना पनीरचे तुकडे किंवा शिजवलेली मटकी, आणि ते साडेबाराला खायचेच, सौदा चालू असला तरी. सुरुवातीला त्या म्हणाल्या, "हमाल समोर उभे असतात, मी कशी खाऊ?" शेवटी अडतीच्या मागच्या खोलीत, पोत्यांच्या थप्पीआड एक खुर्ची टाकली. एवढ्यानं रात्रीचं खाणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं मात्र जागचं हलेना. ते माझ्या कामाचं.

रोजमेळ

खाण्याची नोंद ठेवायला सांगितली की बहुतेक जण आठवडाभर ठेवतात आणि सोडून देतात. वहिनी हिशोबातल्या. त्यांनी यार्डातलीच एक लाल कापडी बांधणीची लांबट वही घेतली आणि माझा छापील तक्ता बाजूला सारून स्वतःच रकाने आखले : वेळ, काय, किती, उभ्यानं की बसून, घरात कोण जागं, त्याआधी काय झालं, भूक दहापैकी किती. 'उभ्यानं की बसून' हा रकाना मला कधी सुचला नव्हता. पंधरवड्यानंतर सगळ्यात जास्त बोलला तोच. बसून खाल्लेलं जवळजवळ सगळं पथ्यात बसत होतं. उभ्यानं खाल्लेलं जवळजवळ सगळं रात्री दहानंतरचं, ओट्यापाशी, दिवा न लावता.

एका गुरुवारची नोंद अशी : "१०.४०. भडंग. पाच मुठी. उभ्यानं. कुणी नाही. पुण्याचा फोन. भूक २."

त्या एका ओळीच्या मागे काय होतं, ते आम्ही सावकाश उलगडत गेलो. जाऊबाईंचा फोन दहा वाजता आला. बोलणं तीन-चार मिनिटांचं. "आईंच्या पायाची सूज उतरली का? नीट बघताय ना ताई?" वहिनी म्हणाल्या, "हो, बघतेय की." फोन फ्रिजवर ठेवला. सासूबाईंना पाणी दिलं, उशी सरळ केली. मुलाच्या खोलीतला दिवा चालू होता. नवरा टीव्हीसमोरच झोपलेला. मग स्वयंपाकघर. स्टीलचा डबा वरच्या फळीवर, तो आवाज न करता काढायची त्यांची पद्धत ठरलेली : झाकणावर तळहात ठेवून. पहिल्या दोन मुठी उभ्याउभ्या, खिडकीतून बाहेर बघत. "तेव्हा डोक्यात काही नसतंय मॅडम. तेवढंच बरं वाटतंय." तिसरीपासून चवही लागत नव्हती. पाच झाल्यावर त्यांनी पुड्यातलं भडंग डब्यात ओतून पातळी पहिल्यासारखी केली, पुडा घडी करून कचऱ्याच्या पिशवीत तळाला घातला आणि ओटा पुसला.

त्या फोननंतर काय वाटलं, हे विचारल्यावर उत्तर आलं, "टेन्शन." हा शब्द इतक्या गोष्टींवर झाकण घालतो की मी तो सहसा तसाच घेत नाही. टेन्शन म्हणजे काळजी? भीती? दमणूक? पुन्हा पुन्हा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मला राग येत नाही कुणाचा." मी रागाबद्दल विचारलंच नव्हतं.

पुढच्या भेटीत त्यांनी वहीत एक रकाना वाढवून आणला. डोक्यावर लिहिलं होतं, "बोलायचं होतं ते." गुरुवारच्या ओळीत : "तुम्ही या की आठ दिवस. मग कळेल नीट बघणं."

भूक कुठली, हे ओळखणं

पुस्तकात एक सोपा फरक असतो : पोटाची भूक हळूहळू येते आणि समोर येईल ते चालतं, मनाची भूक अचानक येते आणि तिला एकच पदार्थ हवा असतो. फरक खरा आहे, पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसात तो इतका स्वच्छ राहत नाही. भूक, तहान, पित्त आणि थकवा यांच्या खुणा एकमेकांत मिसळतात. म्हणून वहिनींसाठी एक घरगुती कसोटी ठरवली : आत्ता समोर थंड अंडं असेल तर खाल का? हो असेल तर खा, भूक खरी आहे. नको, भडंगच हवं असेल, तर आधी घोटभर पाणी आणि मग वहीतला तो शेवटचा रकाना.

इथे निदानाबद्दल थोडं. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या २०१३ सालच्या वर्गीकरणात बिंज इटिंग डिसऑर्डरला (ताबा सुटून खाण्याच्या आजाराला) स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. थोड्या वेळात, इतर लोक खातील त्याहून बरंच जास्त खाणं, ही त्यातली एक अट. स्लीव्ह झालेल्या माणसाच्या पोटात तेवढं मावतच नाही, म्हणून कागदावर तो या अटीत बसत नाही आणि सुटून जातो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर किती खाल्लं यापेक्षा ताबा सुटला होता का, हे विचारणं महत्त्वाचं. वहिनींचा ताबा सुटत होता. पण आठवड्यातले बाकीचे तास नीट होते, झोप बरी होती, उलटी काढणं नव्हतं, नैराश्याच्या चाचणीत गुण सौम्य होते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांशी सल्लामसलत करून औषधाशिवाय पुढे गेलो. सगळ्यांच्या बाबतीत असं करता येत नाही. कुणी बोटं घालून उलटी काढत असेल, रात्री झोपेतून उठून खात असेल, दारू वाढली असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर थांबू नये. विशेषतः गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांना दारू लवकर आणि जास्त चढते, आणि शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षापासून व्यसनाचं प्रमाण वाढल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलंय. खाण्यातून मिळणारा दिलासा बंद झाला की माणूस दुसरा शोधतो. गावात डॉक्टर नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

काय चाललं, काय नाही

खायची हुक्की आली की पंधरा मिनिटं थांबा, ती लाटेसारखी चढते आणि उतरते, हे तंत्र अनेकांना उपयोगी पडतं. वहिनींना गच्चीवर फेऱ्या मारायला सांगितलं. दोन दिवसांत परत आल्या. गच्चीवर गेलं की सासूबाई हाक मारायच्या, खाली यावं लागायचं, आणि खाली आलं की स्वयंपाकघर वाटेतच. दीर्घ श्वासाचा व्यायाम त्यांनी प्रामाणिकपणे केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "श्वास घेतला, मग खाल्लं."

चाललं ते वेगळंच. भडंग बंद करायचं नाही. फक्त उभ्यानं खायचं नाही. दिवा लावायचा, वाटीत काढायचं, डबा वर ठेवायचा, टेबलापाशी बसायचं, आणि मग हवं तेवढं. यावर त्यांचा विश्वासच बसेना. "म्हणजे परवानगी?" हो, परवानगी. पहिल्या आठवड्यात त्यांनी बसून दोन-दोन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात वहीत एक ओळ आली : "बसून खाताना मजा येत नाही." लपवण्यातच अर्धी सुटका होती. दिव्याखाली बसल्यावर ते नुसते चुरमुरे राहिले.

मग खरा प्रश्न समोर आला. त्या अंधारातल्या दहा मिनिटांत त्यांना मिळत काय होतं? पहाटे साडेपाचपासून रात्री दहापर्यंतच्या दिवसात एकही क्षण असा नव्हता, जेव्हा कुणाला काही हवं नव्हतं. ओट्यापाशी उभं राहून खाताना कुणी हाक मारत नव्हतं. ती दहा मिनिटं काढून घेऊन त्या जागी काहीच दिलं नसतं, तर भडंग गेलं असतं आणि त्याच्या जागी आईस्क्रीम आलं असतं. अनेकदा असंच होतं. 'इच्छाशक्ती वाढवा' हा सल्ला मला म्हणूनच पोकळ वाटतो. सव्वादोन वर्षं रोज गोळ्या घेऊन, नाश्त्याला दोन बिस्किटं खाऊन दिवस ढकलणाऱ्या बाईला इच्छाशक्ती कमी आहे असं कोण म्हणेल?

नवऱ्याला एका भेटीला बोलावलं. शांत माणूस. बोलणं ऐकून म्हणाले, "मला वाटलं, हिला आता बरं आहे. कपडे सैल होत होते तोवर मी बघत होतो." त्यांना काम दिलं ते उपदेशाचं नाही, पैशाचं. संध्याकाळी सहा ते रात्री दहा सासूबाईंसाठी एक मावशी ठेवायच्या. खर्चावरून चर्चा झाली, आणि अर्धा वाटा पुण्यानं उचलावा असं वहिनींनीच सुचवलं. जाऊबाईंना पाठवायचा निरोप आम्ही दोघींनी मिळून लिहिला. तीन वेळा खोडला, शेवटी चार ओळींचा राहिला, त्यात दोष नव्हता आणि माफीही नव्हती. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं : "पाठवते ताई. आधीच सांगायचं ना." या "आधीच सांगायचं ना" वर वहिनी आठवडाभर चिडल्या होत्या. चिडल्या, वहीत लिहिलं, आणि त्या आठवड्यात उभ्यानं एकदाही खाल्लं नाही.

खडे

लपवलेल्या शस्त्रक्रियेमुळे रोज एक वेगळा पेच व्हायचा. हळदीकुंकवाला गेलं, डोहाळजेवणाला गेलं की आग्रह : "अगं एवढंच? खड्यांचं ऑपरेशन होऊन किती दिवस झाले, आता खायला काय होतंय?" खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून त्या खायच्या. पुरणपोळीचे चार घास पोटात बसत नव्हते, घाम फुटायचा, बाथरूममध्ये जाऊन उलटी व्हायची. घरी आल्यावर अपमान, थकवा, आणि रात्री डबा. वहीत हा क्रम इतक्या वेळा दिसला की त्यावर बोलणं टाळता येईना.

सगळ्या गावाला सांगायची गरज नव्हती. सासूबाईंना सांगायचं ठरलं, कारण घरातला आग्रह तिथूनच यायचा. वहिनींनी आठ दिवस टाळलं, मग एका दुपारी सांगून टाकलं. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग मला सांगायचं की गं. तू माझ्या हातचं खात नव्हतीस, मला वाटायचं रुसलीस." चुलीपासून लांब बसलेल्या त्या म्हातारीला सुनेसाठी काहीतरी बाजूला काढून ठेवणं एवढंच जमत होतं : सायीची वाटी, शिऱ्याचा घास. त्यानंतर त्यांनी मटकीला मोड आणायचं काम अंगावर घेतलं. फडक्यात बांधायची, पाणी शिंपडायचं, सुनेला बजावायचं की आज खायचीच.

बाहेरच्यांसाठी एक वाक्य तयार केलं : "डॉक्टरांनी पोटाला जास्त चालत नाही म्हणून सांगितलंय, डब्यात बांधून द्या." हे खोटंही नाही. आणि बांधून दिलेलं नाकारावं लागत नाही. ते मुलगा खातो.

नदी

पाचव्या महिन्यात वजन ७७ वर आलं होतं. मग पावसाळा. त्यांचं घर सांगलीच्या जुन्या, नदीकाठच्या गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा त्यांच्या घरात पाणी शिरलं होतं. विश्रामबागेत नातेवाइकांकडे राहावं लागलं, परतल्यावर कित्येक दिवस चिखल उपसण्यात गेले. त्यानंतरच्या दोन वर्षांत वजन सगळ्यात जास्त वाढलं, हे त्यांनी पहिल्या मुलाखतीत सहज सांगितलं होतं. या खेपेला पुलापाशी पाणी ३८ फुटांवर आलं. इशारा पातळी ४०, धोक्याची ४५. गावभागातला माणूस या आकड्यांवर झोपतो आणि उठतो. वहिनी रात्रभर फोनवर कोयनेचा विसर्ग बघत बसायच्या आणि शेजारी भडंगाचा पुडा. पाणी चढलं नाही, उतरलं. वही पंधरा दिवस कोरी.

दीड किलो वाढलं होतं, त्यातलं बरचसं मीठ-तिखटानं धरलेलं पाणी. त्या आल्या तेव्हा वहीची कोरी पानं त्यांनी आठवून आठवून भरली होती. ती मी भरू दिली नाहीत, तशीच ठेवायला सांगितली. हिशोबाच्या माणसाला हे जड गेलं. पूर येणार म्हटल्यावर खाणं सुटलं, यात नवल काहीच नव्हतं. त्या पंधरा दिवसांचा उपयोग पुढच्या पावसाळ्यासाठी केला : पातळी ३५ झाली की काय करायचं याची यादी. कागदपत्रं, सासूबाईंची औषधं, गोळ्यांचा महिन्याचा साठा, प्रथिनांच्या पावडरचा डबा, भाजलेले फुटाणे. रात्री दहानंतर पातळी बघायचं काम मुलाचं. आणि मनात पाणी चढायला लागलं की मला फोन, पहाटे सोडून कधीही.

आत्ताची स्थिती

नऊ महिने झाले. वजन ७७.५, एचबीए१सी ६.२, बी१२ आणि फेरिटिन जागेवर. ७४ परत येईल असं मी सांगितलेलं नाही आणि त्यांनीही तो आकडा सोडून दिलाय, निदान माझ्यासमोर तरी. रात्रीचं खाणं आठवड्यातून एखाद्या वेळी, बसून, वाटीत. सहा ते दहाच्या वेळातला पाऊण तास त्या आता आमराईत फिरायला जातात, शेजारच्या बाईबरोबर. जाऊबाईंचे फोन येतात, पैसेही येतात. त्या स्वतः अजून आठ दिवस राहायला आलेल्या नाहीत. चारच्या चहाबरोबर तोंडात टाकायला काहीतरी लागतंच, यावर आमचं एकमत होत नाही. चहा आधी, खाणं अर्ध्या तासानं, असं मी सांगते. त्या मान हलवतात आणि वहीत लिहितात, "चहा, २ शेंगदाणे." दोनच असतील असं मला वाटत नाही.

आता दिवाळी तोंडावर आहे. फराळ त्यांनाच करायचाय : चिवडा, चकली, शंकरपाळी, पाच घरांना वाटण्याएवढा. तळताना चव बघण्याच्या नावाखाली किती जातं, हे त्यांना मागच्या दोन वर्षांचं आठवतं. यंदा चिवडा आणि चकलीची चव सासूबाई बघणार, शंकरपाळी बाहेरून आणायची, आणि तळण सकाळी, पोटभर नाश्ता झाल्यावर करायचं, असं ठरलंय. पुढची भेट भाऊबीजेनंतरच्या सोमवारी.